डाख, कल्हई आणि हाताचा गुण

इतिहासात एम. ए. केलेल्या आणि आता एका हायस्कूलच्या मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाने दिवाळी अंकासाठी सोल्डरिंग आयर्नवर लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. दिवाळी अंकातल्या लेखात एखादी नदी असावी, एखादा वाडा असावा, निदान एखादी आजी तरी असावी, अशी आपली रीत आहे. माझ्या लेखात आजी नाही. पण कल्हईवाला आहे, धारची लाट आहे आणि देवासचा एक बिघडलेला तंबोराही आहे. तेवढ्यावर वाचकांनी भागवून घ्यावे.

निमित्त असे, की दसरा उलटला म्हणजे दरवर्षी दोन-चार पालक मला हटकून गाठतात. "सर, मुलाला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागलाय. दिवाळीत त्याला सोल्डरिंग आयर्न घेऊन द्यावे म्हणतो. कोणते घेऊ?" त्यांना एका शब्दाचे उत्तर हवे असते. कंपनीचे नाव सांगावे, त्यांनी ते कागदावर लिहून घ्यावे आणि इंदूरला जाऊन आणावे, इतके सोपे. हा छंद मी चाळीस वर्षे करतो आहे, पण मला ते एका शब्दात सांगता येत नाही. म्हणून हा लेख.

ज्यांच्या घरी हे हत्यार कधी आलेच नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रेडिओ उघडला, की आत हिरव्या किंवा तपकिरी पट्टीवर चांदीसारखे चकाकणारे बारीक बारीक थेंब दिसतात. तो प्रत्येक थेंब म्हणजे एक सांधा. तांब्याची तार आणि तांब्याची पट्टी यांना कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाने जोडलेले असते. मराठीत याला डाख म्हणतात. इकडे दुकानात गेले, की डाखाचा 'टांका' होतो आणि कथलाचा 'रांगा'. आपण माळव्यातली मराठी माणसे घरी एक बोलतो, वर्गात दुसरे आणि बाजारात तिसरे. माझ्या बाबतीत तर या हत्याराचे सगळे शिक्षण हिंदीत झाले आणि त्याच्यावर विचार मात्र नेहमी मराठीत होत आला. त्यामुळे लेखात दोन्हीकडचे शब्द येतील. वाचकांना त्याची सवय आहेच.

माझे लहानपण धारला गेले. त्या काळी वर्षातून दोन-तीनदा आळीत कल्हईवाला यायचा. जमिनीत खळगा करून तो कोळसे पेटवायचा, शेजारी भाता लावायचा, आणि घराघरांतून पितळेची पातेली बाहेर यायची. पातेले तापले, की तो आत नवसागराची चिमूट टाकी. भक्कन पांढरा धूर उठे. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने गर्रकन फिरवायचे, की क्षणात काळपट पातेले आतून चंद्रासारखे होई. आम्ही मुले डोळे चोळत तिथेच बसून राहायचो. नवसागराने पितळेवरचा गंज आणि मळ खाऊन टाकला, म्हणून कथील धरले, हे फार पुढे कळले. ज्या भांड्यावर नवसागर नीट फिरला नाही, तिथे कथलाच्या गोळ्या होऊन त्या घरंगळत. गरम असणे पुरेसे नसते, स्वच्छही असावे लागते. सोल्डरिंगचे अर्धे शास्त्र एवढ्यात आले. नवसागराच्या जागी आता सोल्डरच्या तारेच्या पोटात राळ भरलेली असते, इतकाच फरक. आयर्नच्या टोकाला पहिल्यांदा कथील चढवतात, त्यालाही मी कल्हईच म्हणतो. आमच्या शाळेतली माळवी मुलेसुद्धा आता तोच शब्द वापरतात.

धारलाच आमच्या ओळखीचे एक काका रेडिओ दुरुस्त करीत. त्यांच्याकडे वीज असूनही जुने हत्यार ठेवलेले होते. लाकडी मुठीची लोखंडी सळई आणि तिच्या टोकाला तांब्याचा चांगला पावशेराचा ठोकळा. तो शेगडीत तापवायचा, ओल्या फडक्यावर चुर्र करून पुसायचा आणि निवायच्या आत काम उरकायचे. पत्र्याचे डबे, कंदिलाच्या टाक्या, नरसाळी यांना ते डाख देत, ते याच ठोकळ्याने. रेडिओसाठी मात्र विजेचे आयर्न. अभ्रकाच्या पत्रीवर नायक्रोमची तार गुंडाळलेली, तिच्या पोटात तांब्याचे टोक, वर बॅकलाइटची काळी मूठ. त्या टोकाला कारागीर 'बिट' म्हणतात. मीही पुढे तेच म्हणतो. ठोकळा इतका जाड आणि बिट इतके बारीक कशासाठी, असे मी एकदा विचारले. काका म्हणाले, "अरे, डब्याला ऊब पोटभर लागते. ट्रान्झिस्टरला घोटभर." आयर्न निवडण्याविषयी मी पुढे जे काही वाचले, ते सगळे या दोन वाक्यांच्या विस्तारासारखेच वाटले.

धारचा माणूस जोडकामावर बोलू लागला आणि लाटेचे नाव निघाले नाही, असे होणार नाही. लाट मशिदीच्या आवारात त्या लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे आज ठेवलेले आहेत. तिन्ही मिळून लांबी तेरा मीटरांहून अधिक आणि वजन सुमारे सात टन. एवढा स्तंभ ओतीव नाही. लोखंडाचे लहान लहान गोळे पांढऱ्याशुभ्र तापावर आणून, घणाचे घाव घालून, एकावर एक जोडत तो घडवला. त्या लोहारांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. याच नगरीच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' ग्रंथात यंत्रांवर एक अध्यायच आहे. राजाने यंत्रे लिहून ठेवली, लोहाराने लोखंड जोडून ठेवले. शाळेची सहल लाटेपाशी नेली, की मी मुलांना एवढेच सांगतो, की लोहाराच्या जोडात दोन्ही तुकडे स्वतः मऊ होऊन एकमेकांत मिसळतात. आपल्या डाखात तसे होत नाही. तांबे जवळजवळ अकराशे अंश सेल्सिअसला वितळते. कथील 63 भाग आणि शिसे 37 भाग असे मिश्रण 183 अंशांनाच पाणी होते. त्यामुळे तांबे घनच राहते, कथील तेवढे वितळून त्याच्या अंगावर पसरते, आणि दोघांच्या सीमेवर तांबे व कथील मिळून एक अगदी पातळ, नवाच थर तयार होतो. सांध्याचे बळ त्या थरात असते. उष्णता कमी पडली तर तो थर बनतच नाही. फार वेळ दिली तर तो जाड आणि ठिसूळ होतो. मधले दोन-तीन सेकंद साधायचे. चांगले आयर्न म्हणजे ते दोन-तीन सेकंद नवशिक्या हातालाही साधू देणारे आयर्न. माझी व्याख्या एवढीच आहे.

न साधलेला सांधा कसा असतो, ते देवासच्या तंबोऱ्याने मला शिकवले. नोकरीसाठी मी देवासला आलो आणि इथलाच झालो. ज्या गावात उस्ताद रजब अली खाँ राहिले, जिथे कुमार गंधर्व 1948 मध्ये आले आणि 1992 मध्ये शेवटचा श्वास घेईपर्यंत राहिले, त्या गावात तंबोरा बिघडणे ही साधी गोष्ट नव्हे. आमच्या शेजारच्या काकू मुलींना गाणे शिकवतात. एके सकाळी त्या आपला इलेक्ट्रॉनिक तंबोरा घेऊन आल्या. "सर, हा षड्जावर खरखर करतो हो. आणि थाप मारली की गप्प बसतो." पेटी उघडली. आवाज लहान-मोठा करण्याच्या बटणामागे एक सांधा राखाडी आणि निस्तेज दिसत होता, आणि भिंगातून पाहिले तर तारेभोवती केसाएवढी गोल चीर होती. कथील तारेला नुसते चिकटून बसले होते, धरले नव्हते. राळेचा थेंब आणि नवे सोल्डर देऊन तीन सेकंद ऊब दिली, तसा तो थेंब एकदम चकाकला आणि तारेच्या अंगावर उतारासारखा पसरला. काकूंनी तिथेच मांडी घालून सूर लावून पाहिला. कुठल्या तरी कारखान्यात कुठल्या तरी घाईच्या क्षणी एका सांध्याला ऊब कमी मिळाली, आणि त्याची खरखर इतक्या वर्षांनी देवासच्या एका सकाळी ऐकू आली. कच्चा सांधा पहिल्या दिवशी काम करतो, हीच त्याची फसवणूक.

आता निवडीकडे वळू. पालकांचा पहिला प्रश्न असतो, किती वॅटचे? आणि पुष्कळांची समजूत अशी, की जास्त वॅट म्हणजे जास्त गरम, म्हणून मुलासाठी कमीत कमी वॅटचे घ्यावे. ही समजूत स्वयंपाकघरात तपासून पाहावी. पातळ पत्र्याचा तवा आणि जाड बुडाचा तवा, दोन्ही सारखेच तापवले. पातळ तव्यावर पोळी टाकली, की तो लगेच निवतो. पोळी कडक होते, फुगत नाही. जाड तवा पोळी पडली तरी ऊब धरून राहतो. तापमान किती यापेक्षा पोळी पडल्यावर ते किती टिकते, हे महत्त्वाचे. आयर्नचे तसेच. दहा-पंधरा वॅटचे आयर्न मोकळ्या हवेत तापलेले दिसते, पण जाड तारेला टेकवले की ढेपाळते. मग मूल ते दाबून धरते, दहा सेकंद, पंधरा सेकंद. सांधा तर होत नाहीच, उलट पट्टीवरचे तांबे सुटून वर येते. म्हणजे भाजायला घेतले ते कमी उष्णतेमुळे! उलट साठ-सत्तर वॅटचे, तापमानाला कसलाही लगाम नसलेले आयर्न तसेच चालू ठेवले, तर ते इतके तापते, की राळ जळून काळी होते आणि बिट करपते. बाफले एकदम रसरशीत गोवऱ्यांवर टाकले, तर वरून काळे आणि आतून कच्चे निघतात, हे माळव्यात कोणाला सांगायला नको.

म्हणून साधे, बिनलगामाचे आयर्न घ्यायचे असेल, तर 25 वॅटचे घ्यावे. आमच्या पिढीने सोल्ड्रॉनच्या 25 वॅटच्या आयर्नवर हात बसवला, आणि ते आजही दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळते. त्याला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. पण त्याच्याबरोबर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विजेचा दाब घटला, की आयर्नची ताकद त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 230 व्होल्टवर 25 वॅट देणारे आयर्न 180 व्होल्टवर जेमतेम 15 वॅट देते. ज्यांनी आपल्या गावांत संध्याकाळी पिवळे पडणारे बल्ब पाहिले आहेत, त्यांना हे हिशोबाशिवायही कळेल. मी स्वतः कित्येक वर्षे सोल्डरिंग पहाटे करीत असे. लोकांना वाटे, सर अभ्यास करतात.

थोडे अधिक खर्च करता येत असतील, तर तापमान ठरवता येणारे आयर्न घ्यावे. त्यात हीटर पन्नास-साठ वॅटचा असतो, पण त्याला लगाम असतो. बिट ठरलेल्या तापमानाला पोचले, की वीज कमी होते. सांध्याला टेकवून ते निवू लागले, की वीज पुन्हा जोराने येते. म्हणजे जाड तवा आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारी सुगरण, दोन्ही एकत्र. शिसे-कथलाच्या सोल्डरसाठी 320 ते 350 अंशांच्या दरम्यान ठेवले, की बहुतेक कामे होतात. शिसे नसलेले सोल्डर 217 अंशांच्या पुढे वितळते, त्याला थोडे वर न्यावे लागते. हा लगाम लावण्याची एक जुनी युक्ती मला फार आवडते. वेलर कंपनीच्या काही आयर्नमध्ये बिटच्या मागे एका विशिष्ट मिश्रधातूची छोटी गोळी असते. थंड असताना ती चुंबकाला ओढते आणि स्विच लागतो. ठराविक तापमानाला तिच्यातले चुंबकत्वच नाहीसे होते, चुंबक सुटतो आणि वीज बंद पडते. पिएर क्युरीने 1895 मध्ये ज्या गुणधर्माचा सविस्तर अभ्यास मांडला, तो इथे एका कारागिराच्या मुठीत मुकाट्याने काम करतो आहे. आता हे काम इलेक्ट्रॉनिक मंडल करते आणि आकडे दिसतात. अलीकडे पेनाएवढी, मोबाइलच्या चार्जरसारख्या अडॅप्टरवर चालणारी आयर्न आली आहेत. ती काही सेकंदांत तापतात, हाताला हलकी असतात आणि उत्तम काम करतात. मात्र त्यांना तितक्याच ताकदीचा अडॅप्टर हवा, हे विकणारा सांगेलच असे नाही.

वॅटपेक्षाही मी बिटला महत्त्व देतो, आणि दुकानात नेमके त्याच्याकडे कोणी पाहत नाही. नवशिका हमखास सुईसारखे टोकदार बिट निवडतो, कारण काम बारीक आहे. पण सुईच्या टोकाचा तारेला स्पर्श होतो तो तीळभर, आणि ऊब जाते ती स्पर्शातून. दोन-अडीच मिलिमीटर रुंदीचे, छिन्नीसारखे चपटे बिट घेतले, तर ते आडवे टेकवून तार आणि पट्टी दोन्ही एकदम तापवता येतात. दुसरे असे, की जुनी बिटे नुसत्या तांब्याची असत. वितळलेले कथील तांबे विरघळवते, म्हणून त्यांना खड्डे पडत आणि आम्ही ती कानशीने घासून नीट करीत असू. आताच्या चांगल्या बिटांवर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. त्यांना कानस लावायची नाही. ओल्या स्पंजावर किंवा पितळेच्या तारेच्या गुंडाळीत पुसायचे आणि काम संपले, की टोकावर सोल्डरचा थेंब ठेवून मगच बंद करायचे. आणि विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारावा. "याचे बिट वेगळे मिळते का? आणि पुढच्या वर्षी मिळेल का?" बिट मिळत नसेल, तर ते आयर्न कितीही सुंदर असो, पुढच्या दिवाळीपर्यंत ते खेळणे होईल.

उरले अर्थिंग. याबाबत मात्र मी तडजोड करीत नाही. धातूचे बिट, आत 230 व्होल्ट आणि हातात शाळकरी मूल. पेनासारख्या आयर्नना अडॅप्टरकडून कमी दाबाची वीज मिळते, त्यांचा मामला निराळा. पण थेट भिंतीच्या वीजेवर चालणाऱ्या आयर्नला तीन पिनांचाच प्लग हवा. वायर काढून मल्टिमीटरचे एक टोक बिटला आणि दुसरे जाड पिनेला लावून पाहावे. जोडणी दिसली नाही, तर आयर्न परत करावे. घरातल्या सॉकेटलाही खरे अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. जुन्या वाड्यांत तिसरे भोक पुष्कळदा नुसते शोभेला असते. वायर मऊ असावी. ताठ वायर हात ओढते, आणि मुलाला वाटते आपला हात कापतो. जड, वजनदार स्टँडही त्याच दिवशी घ्यावा. टेबलाच्या कडेवर ठेवलेले आयर्न खाली पडते, आणि पडताना ते झेलायला माणसाचा हात आपोआप पुढे जातो.

हे सगळे तपशील मी इतक्या आग्रहाने का सांगतो, ते आता सांगतो.

मी देवासात आलो तेव्हा इथे 'एकलव्य'चे केंद्र होते आणि माळव्यातल्या अनेक शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम चालू होता. 1972 मध्ये सोळा माध्यमिक शाळांतून सुरू झालेला तो प्रयोग 2002 मध्ये राज्य शासनाने बंद केला. त्याची एक गोष्ट माझ्या मनात राहिली. तिथे मुलाच्या हातात साहित्य देत आणि प्रयोग त्यानेच करायचा. 2016 पासून केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब आल्या, त्यांतून निवडलेल्या शाळांना वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते. आमच्या शाळेला ते मिळालेले नाही. आम्ही आपल्याच किडुकमिडुकातून एक टेबल मांडले. देवासला पाण्याची टंचाई नवी नाही, एके काळी या शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले. म्हणून मुलांना पहिला प्रकल्प दिला तो टाकी भरली की वाजणाऱ्या भोंग्याचा. एक 555 नंबरची आयसी, थोडे सुटे भाग आणि पंचवीस-तीस सांधे.

नववीतल्या एका मुलीचा भोंगा काही केल्या वाजेना. तीन दिवस ती मधल्या सुटीत येऊन बसे. मंडल तिने बिनचूक काढले होते, भाग बरोबर जागी होते. चौथ्या दिवशी ती पट्टी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "रहने दीजिए सर, मेरे हाथ में ही खोट है." तिच्या हाताशी जे आयर्न होते ते शाळेला कोणी देणगी दिलेले, अगदी हलके, सैल बिटचे आणि काळे पडलेले. कथील त्याला धरतच नव्हते, मग ते सांध्याला काय देणार? मी घरून माझे आयर्न आणले, तिला बिटला कल्हई कशी करायची ते एकदा दाखवले आणि बाजूला झालो. आठ-दहा सांधे तिने पुन्हा केले. भोंगा इतक्या मोठ्याने वाजला, की शेजारच्या वर्गातून हसण्याचा आवाज आला. ती हसली नाही. आयर्नकडे बघत म्हणाली, "तो ये इसका था?"

ते वाक्य मी विसरलेलो नाही. वाईट हत्यार काम बिघडवते, हे तर झालेच. पण चुकत कोण आहे, हात की हत्यार, हे कळू देत नाही, हा त्याचा मोठा दोष. अनुभवी कारागीर वाईट आयर्नलाही सांभाळून घेतो, कारण दोष कुठे आहे ते त्याला माहीत असते. मुलाला ते माहीत नसते. ते सगळा दोष स्वतःकडे घेते, आणि एकदा घेतला की परत देत नाही. शाळेत बत्तीस-तेहतीस वर्षे काढल्यावर मी हे खात्रीने सांगू शकतो, की 'मला जमत नाही' असे म्हणणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांच्या हातात कोणी तरी काळे पडलेले बिट दिलेले असते. गणितात, भाषेतसुद्धा.

पुढे शाळेसाठी आयर्न घ्यायची वेळ आली. मंजूर रकमेत स्वस्तातली बारा येत होती, किंवा तापमानाचा लगाम असलेली चार. आमच्या गणिताच्या सरांनी बाराचा आग्रह धरला, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. "सर, एका आयर्नवर तीन मुले म्हणजे दोघे नुसते बघत बसणार. आणि बघत कोण बसते, हे आपल्याला माहीत आहे. मुली." हा मुद्दा मला नाकारता आला नाही. शेवटी चार घेतली, पण त्यांच्या मुद्द्याला धरून नियम केला. तिघांच्या गटात एकाने भाग धरायचा, एकाने डाख द्यायचा, एकाने भिंगातून प्रत्येक सांधा तपासून पास-नापास सांगायचे, आणि दर पाच सांध्यांनी जागा बदलायच्या. पाळी कोणालाही टाळता येणार नाही. झाले असे, की भिंग घेतलेले मूलच सर्वांत जास्त शिकते. दुसऱ्याच्या सांध्याला नापास करायचे, तर का ते सांगावे लागते. गणिताचे सर आता स्वतः गुरुवारी या टेबलाशी येऊन बसतात. बारा असती तर बरे झाले असते, असे ते अजून म्हणतात. त्यांना म्हणू द्यावे.

खरेदीचे म्हणाल, तर धार काय आणि देवास काय, आपली दोन्ही गावे इंदूरच्या दोन बाजूंना. बस पकडावी, जेल रोडला जावे. घरपोच मागवण्याची सोय आता आहेच, पण पहिले आयर्न मुलाला बरोबर नेऊन हातात धरून घ्यावे असे मी सुचवीन. मूठ मुलाच्या बोटांत बसते का, टोकापासून पकडीपर्यंतचे अंतर फार लांब तर नाही ना, हे चित्रावरून कळत नाही. आयर्नबरोबर 63-37 चे, पोटात राळ असलेले, पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीचे सोल्डर घ्यावे. पत्राकामाचे आम्लाचे फ्लक्स इलेक्ट्रॉनिक्सला कधीही लावू नये. ते पुढे तारा खाते. आणि आयांना जी काळजी असते तिच्याविषयी दोन शब्द. या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. जो धूर दिसतो तो राळेचा, आणि तो छातीला चांगला नाही. म्हणून खिडकी उघडी ठेवून, धूर तोंडापासून दूर ओढणारा छोटा पंखा लावून बसावे. शिसे पोटात जाते ते बोटांवाटे. काम करताना खायचे नाही, सोल्डर दातात धरायचे नाही, उठल्यावर साबणाने हात धुवायचे, आणि घरात लहान बाळ असेल तर टेबल पुसून घ्यायचे. एवढे पाळले तर घाबरण्यासारखे काही नाही.

कधी कधी रात्री एखादे जुने यंत्र उघडून बसलो, की त्या सीमेवरच्या पातळ थराचा विचार मनात येतो. देवासची दोन पवार घराणी 1728 पासून एकाच गावात दोन गाद्या मांडून राहिली. धारचे पवारही त्याच सुमारास इकडे रुजले. तेव्हापासून आपली कुटुंबे इथे आहेत. आपण विरघळून गेलो नाही, आणि नुसते चिकटूनही राहिलो नाही. 'डाख' आणि 'टांका' हे दोन्ही शब्द ज्या घरात न अडखळता येतात, तिथे मधे काहीतरी धरलेले आहे खास. माझी नात बिटला 'कल्हई' म्हणते आणि सोल्डरला 'रांगा', आणि तिला त्यात काही विशेष वाटत नाही.

तेव्हा पालकहो, कोणते आयर्न घ्यावे, या प्रश्नाला माझे उत्तर असे. अर्थिंग खरे असावे, बिट चपटे आणि पुन्हा मिळणारे असावे, ऊब टिकणारी असावी, वायर मऊ असावी. नाव कोणतेही चालेल. फटाक्यांच्या खर्चातून दोन डबे कमी केले, तर बहुतेक घरांना ते परवडेल. आणि घरी आणल्यावर पहिला सांधा तुम्ही करून दाखवू नका. बिटला कल्हई तेवढी करून द्या, आणि मग खुर्ची मागे सरकवून बसा.